घडी घातल्यावर दिसणारं चित्र

आमचं बाइंडिंगचं दुकान बेळगावच्या शहापुरात होतं. दिवाळीनंतर दोनतीन महिने गेले की वाचनालयातून दिवाळी अंकांचे गठ्ठे यायचे, पुठ्ठ्यात बांधून परत द्यायला. त्यातला ‘आवाज’ आप्पा आधी बाजूला काढायचे. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेला हा विनोदी अंक खिडकीचित्रांसाठी प्रसिद्ध. वरच्या पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून खालच्या चित्राचा एवढासा तुकडा दिसतो आणि मनात भलतंच येतं. पान उलटावं तर अगदी साधं काहीतरी निघतं. शंभर हातांतून फिरून आलेल्या अंकात या खिडक्यांच्या कडा हमखास फाटलेल्या असत. आप्पा बोटानं खळ लावून मागून पातळ कागदाची पट्टी चिकटवत. त्या कामाची त्यांनी कधी घाई केली नाही.

‘मॅड’ हे अमेरिकन विनोदी मासिक मला मिळालं ते नववीत, कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात. लष्करी बंगल्यांतली इंग्रजी मासिकं तिथं येत. मुखपृष्ठावर पुढचा एक दात नसलेला, मोठ्या कानांचा, हसरा पोरगा. आल्फ्रेड ई. न्यूमन हे त्याचं नाव मला नंतर कळलं.

“घेऊ काय आप्पा?”

“घे की. किलोवर तर हाय.”

सात अंक घेतले. माझी शाळा मराठी. आत ज्या अमेरिकन सिनेमांची टर उडवलेली होती, त्यातला एकही मी पाहिलेला नव्हता. मला कळले ते फक्त काळा आणि पांढरा असे दोन हेर, एकमेकांवर डाव उलटवणारे. त्यांना शब्दच लागत नाहीत. ते काढणारे अंतोनियो प्रोहियास क्यूबा सोडून न्यूयॉर्कला आलेले, हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. परक्या भाषेच्या गावात चित्रानं काम भागवणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला मात्र एक मोठं चित्र होतं. वर एक प्रश्न, आणि अ आणि ब अशा दोन खुणा. अ ला ब टेकवून घडी घातली की मधला भाग लपतो, दोन्ही कडा जुळून वेगळंच चित्र तयार होतं आणि खालच्या मजकुरातून उत्तर उरतं. मी घातलेली घडी तिरकी गेली. आप्पांनी पान हातात घेतलं, खुणा जुळवल्या आणि लाकडी पट्टी एकदाच ओढली. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता त्यांना गंमत कळली. म्हणाले, “ह्यानं फर्मा बघितलाय बघ.”

फर्मा म्हणजे पुस्तकाची बरीच पानं एकत्र छापलेला मोठा कागद. त्यात पानं उलटीसुलटी छापलेली असतात, घडी पडल्यावरच आकडे ओळीनं लागतात. ती चित्रं काढणाऱ्या अल जॅफी यांचं कामही तसंच होतं, हे मी खूप वर्षांनी वाचलं. ते कडक, सपाट बोर्डावर रंगवत. त्याला घडी पडणार कशी? सगळा मेळ ट्रेसिंगवर बसवायचा, आणि घडी घातलेलं चित्र स्वतः बघायचं ते अंक छापून आल्यावर. १९६४ पासून २०२० पर्यंत त्यांनी हे केलं, निवृत्त झाले तेव्हा ९९ वर्षांचे होते. २०२३ मध्ये, १०२ व्या वर्षी ते गेले त्या दिवशी मला आप्पांची फार आठवण आली. ते लहानपणी लिथुआनियात राहत असताना त्यांचे वडील अमेरिकेहून वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं पोस्टानं पाठवत, त्यावर हा मुलगा चित्रं शिकला. कागद कुठून कुठं जाऊन कुणाला घडवतो!

१९५२ साली सुरू झालेल्या ‘मॅड’मध्ये २०१९ नंतर बहुतेक जुनाच मजकूर छापला जाऊ लागला. भाच्यानं मोबाईलवर जुने अंक दाखवले. ती घडीची चित्रं काचेवर नुसती पडून होती. मला ते बघवेना.

माझे सात अंक आप्पांनीच बांधून दिले. शिलाईत एका बाजूनं अर्धा इंच जातो, कटिंगमध्ये दुसऱ्या बाजूनं, आणि त्यात घडीचं चित्र कापलं गेलं असतं. म्हणून त्यांनी सातही कव्हरं शिवलीच नाहीत. शेवटच्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा चिकटवला आणि ती त्यात सुटी ठेवली. घड्या आता मऊ पडल्यात. परवा दोन कव्हरांना मागून पातळ कागदाची पट्टी लावली.