वांद्र्याच्या शाळेचा स्टॅनिस्लॉस नेमका कोणता?

वांद्र्याला हिल रोडवर, सेंट पीटर चर्चच्या शेजारी सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल आहे. येशूसंघाच्या (जेझुइट) धर्मगुरूंनी 1863 साली ते सुरू केलं ते अनाथ मुलांचा आश्रम म्हणून. पूर्ण हायस्कूल व्हायला 1923 उजाडलं. मुंबईत या शाळेचं नाव निघालं की आधी हॉकी आठवते. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेला विरेन रस्किन्हा इथलाच. पण ज्याच्या नावाने शाळा चालते तो कोण, हे विचारलं की गडबड होते, कारण पोलंडमध्ये या नावाचे दोन मोठे संत आहेत.

पहिला क्राकूव्हचा बिशप. राजाशी वैर पत्करल्यामुळे 1079 मध्ये त्याला मारण्यात आलं. शाळेचा तो नव्हे. शाळेचा स्टॅनिस्लॉस कोस्तका, त्याच्यानंतर जवळपास पाचशे वर्षांनी जन्मलेला, आणि वारला तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. दहावी-बारावीच्या पोराचं वय!

जन्म 28 ऑक्टोबर 1550, रोस्तकोवो गावी, सरदार घराण्यात. 1564 मध्ये थोरला भाऊ पावेल आणि शिक्षक यांच्यासोबत त्याला व्हिएन्नाला येशूसंघाच्या शाळेत धाडलं. वर्षभरात तिथलं वसतिगृह बंद पडलं आणि तिघं एका ल्युथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या, गृहस्थाच्या घरी राहायला गेले. धाकट्याचं प्रार्थनेत रमणं पावेलला खपत नसे. तो टोमणे मारायचा, हातही उगारायचा. पुढे स्टॅनिस्लॉस गंभीर आजारी पडला. घरमालक ख्रिस्तप्रसाद (कॅथलिकांची पवित्र भाकर) घरात आणू देईना. तेव्हा संत बार्बरा देवदूतांसह ख्रिस्तप्रसाद घेऊन आली, अशी श्रद्धा आहे. याच दुखण्यात येशूसंघात जायचं त्याने पक्कं केलं.

अडचण वेगळीच होती. व्हिएन्नाचे येशूसंघीय त्याला वडिलांच्या संमतीशिवाय घ्यायला तयार नव्हते. वडील वजनदार, ते खवळले असते तर पोलंडमधलं संघाचं काम धोक्यात आलं असतं. मला ही सावधगिरी रास्तच वाटते. संमती मिळणार नाही हे ओळखून ऑगस्ट 1567 मध्ये मुलगा साध्या कपड्यांत पायी निघाला. जायचं होतं जर्मनीतल्या आउग्सबुर्गला, आजच्या रस्त्याने सुमारे 500 किलोमीटर. तिथून तो डिलिंगेनला गेला. येशूसंघाचे तिकडचे प्रमुख पीटर कॅनिसियस यांनी त्याला लगेच संघात घेतलं नाही. विद्यार्थ्यांना जेवण वाढणं, खोल्या झाडणं, अशा कामांवर लावून काही आठवडे पारखलं आणि मग शिफारसपत्र देऊन रोमला पाठवलं. सरदाराचा मुलगा ही कामं मनापासून करतो की रुसतो, हे पाहायची याहून चांगली रीत नव्हती.

आल्प्स ओलांडून तो 25 ऑक्टोबरला रोममध्ये पोचला. संघप्रमुख फ्रान्सिस बोर्जा यांनी 28 तारखेला, सतराव्या वाढदिवशी, त्याला दाखल करून घेतलं. पुढे दहा महिनेही मिळाले नाहीत. 15 ऑगस्ट 1568 ला तापाने तो गेला. 31 डिसेंबर 1726 रोजी, येशूसंघातल्याच अलोयसियस गोन्झागा या तरुणासोबत, त्याला संतपद मिळालं; म्हणजे 2026 अखेर त्याला 300 वर्षं होतात.

या पोराने ना ग्रंथ लिहिला, ना संस्था काढली. घरदार मागे टाकून परक्या मुलखात दारं ठोठावत गेलेल्या मुलाचं नाव अनाथ मुलांच्या आश्रमाला असणं मला फार समर्पक वाटतं. एखाद्या बिशपचं नाव तिथे इतकं शोभलं नसतं.

चित्रावरून ओळखायचं तर डोक्यावर मायटर (बिशपची उंच टोपी) आणि हातात दंड दिसला की तो बिशप. आपला स्टॅनिस्लॉस बिनदाढीचा, काळ्या झग्यातला. कुशीत बाळ येशू किंवा हातात लिलीचं फूल. सणाच्या तारखाही वेगळ्या: बिशपचा 11 एप्रिल, कोस्तकाचा येशूसंघात 13 नोव्हेंबर, पोलंडमध्ये 18 सप्टेंबर. मृत्यूचा दिवस धरता येत नाही, कारण 15 ऑगस्टला मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा मोठा सण असतो.