एकशे ऐंशी दगड आणि मग तिळाचं तोफू

जपानमधल्या कोयासान या मठांच्या डोंगरावर पायी चढायचं तर हिशेब जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत करावा लागतो. मंदिरातल्या मुक्कामाला, म्हणजे शुकुबोला, संध्याकाळी पाचच्या आत पोचायचं. साडेपाच-सहाला ताट समोर येतं आणि ते कुणासाठी थांबत नाही. वाट सहा-सात तासांची. म्हणून आम्ही कुदोयामा स्टेशनातून सकाळी आठला बाहेर पडलो.

जुनी वाट, चोइशिमिची, सुरू होते जिसोन-इन मंदिरापाशी. कुकाई, म्हणजेच कोबो दाइशी, यांनी ८१६ साली वर डोंगरात मठ मांडला, पण बायकांना वर बंदी होती. त्यांची आई इथेच खाली राहिली आणि ते महिन्यातून नऊदा तिला भेटायला उतरत, अशी आख्यायिका. कुदोयामा या गावाच्या नावातले ‘नऊ’ तेच.

वाटेवर सुमारे दर १०९ मीटरला माणसाहून उंच दगडी खांब आणि त्यावर आकडा. खाली १८०, वर गारानात, म्हणजे मठाच्या मुख्य मंदिर-आवारात, १. आकडे उतरताना बरं वाटतं, पण घोटाळा तिथेच होतो. सुरुवातीला पर्सिमनच्या बागांतून खडी चढण, मग बराच वेळ सोपी रानवाट. यादाते या ठिकाणी ६० चा दगड दिसला की वाटतं, झालंच. अजून साडेसहा किलोमीटर असतात आणि दाइमोन दरवाज्याआधीची चढण दम काढते. या टप्प्याला अडीच तास हातात ठेवा.

दुपारची शिदोरी खालूनच घ्यावी, वाटेत दुकानाचा भरवसा नाही. शाकाहारी माणसाने ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेताना उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची, घेतली म्हणून निर्धास्त राहू नये. मसाल्यात वाळवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क असू शकतो. नुसत्या मिठाच्या भाताची सगळ्यात बिनधोक.

मंदिरात ही चिंता संपते. शोजिन र्‍योरीत, म्हणजे मठातल्या शाकाहारी स्वयंपाकात, मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूण आणि त्यांची भावंडंही नाहीत. कांदेनवमीनंतर चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वेगळा आहे तो चवीचा पाया. माशाच्या जागी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू काही तास भिजवायचा, मंद आंचेवर ठेवायचा आणि उकळी फुटायच्या आत काढून घ्यायचा. उकळला की पाणी बुळबुळीत आणि कडवट. शिताके मात्र गार पाण्यात रात्रभर. घाईने गरम पाणी ओतलं तर मऊ होतात, पण चव हवी तशी उतरत नाही. दोन्ही पाणी एकत्र केलं की चव बेरजेपेक्षा जास्त वाढते, कारण कोंबूतलं ग्लुटामेट आणि शिताकेतलं ग्वानिलेट ही चव देणारी द्रव्यं एकमेकांना उचलून धरतात.

ताटातला मान गोमा-दोफूचा, म्हणजे तिळाच्या तोफूचा. नावात तोफू, पण सोयाबीनचा पत्ता नाही. सोललेले पांढरे तीळ गंधासारखे वाटायचे आणि कुझू नावाच्या वेलीच्या कंदाचं सत्त्व घालायचं, आपल्या तवकिलीच्या जातीचं. घरी करायचं तर ५० ग्रॅम कुझू, ५० ग्रॅम तिळाचं वाटण, ४५० मिलिलिटर पाणी. गार पाण्यात कुझूच्या गुठळ्या पूर्ण मोडल्याशिवाय गॅस पेटवू नका. मग वीस-पंचवीस मिनिटं हात थांबवायचा नाही. घट्ट झालं म्हणजे शिजलं असं नाही. इथेच बहुतेकांचं फसतं. लवकर उतरवलं तर पिठूळ लागतं आणि नीट धरत नाही. वडीच्या मिश्रणासारखं भांड्याची कड सोडून चकाकायला लागलं की ओल्या साच्यात ओतायचं. फ्रीजमध्ये दिवसभर राहिलं की कडक होतं, लवचीकपणा जातो. वाढताना वर वासाबीचा ठिपका, बाजूला सोया सॉस.

दुसरा मानकरी कोया-दोफू, गोठवून सुकवलेलं तोफू. कोमट पाण्यात भिजवायचं, तळव्यांत दाबून पिळायचं, मग गोडसर रश्शात शिजवायचं. नुसत्या पाण्यात उकळलं तर विरघळायला लागतं. नीट झालं की चावताच रसगुल्ल्यासारखा रस सुटतो.

सोबत भात, मिसो सूप, लोणचं, भाज्यांचं तेम्पुरा. वाटी डाव्या हातात उचलून खायची. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसा भात मृतासाठी ठेवतात. पहिल्या घासाला सगळं अळणी वाटतं. पिशवीतली लसणाची चटणी काढायचा मोह आवरा. तिसऱ्या-चौथ्या घासाला जीभ जागेवर येते. दारूला मनाई असेल असं वाटतं, पण साके मिळते. तिला इथे ‘हान्न्या-तो’, प्रज्ञेचं गरम पाणी म्हणतात. पळवाट काढायला कुठल्याच धर्माची माणसं कमी नाहीत!

सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना आणि मग न्याहारी. ती उरकून ओकुनोइनला, म्हणजे कोबो दाइशींच्या समाधिस्थानाला, निघा, दगडांचे आणखी ३६ टप्पे त्याच वाटेने जातात. कोबो दाइशी ८३५ पासून तिथे समाधीत बसलेले आहेत, गेलेले नाहीत, अशी श्रद्धा. म्हणून रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांना शाकाहारी जेवण जातं. आधी चव घेणाऱ्या जिझो या बोधिसत्त्वाच्या छोट्या देवळापुढे ते दाखवतात, मग भिक्षू पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन समाधीकडे जाणारा पूल ओलांडतात. साडेदहाचा नैवेद्य बघायचा तर सव्वादहाला पुलाशी उभं राहावं. पुलापलीकडे टोपी काढायची, कॅमेरा बंद, खाणंपिणं बंद.