तुम्ही विचारलंत म्हणून : गोबर गॅस बंद का पडतो?

बचत गटाच्या बैठकीत असो नाहीतर दूध घालायला डेअरीवर गेलं असो, कुणीतरी विचारतंच : "वैनी, आमचा गोबर गॅस बंद पडला की. तुमचा अजून कसा चालतोय?" आमच्या करवीर तालुक्यातल्या या गावात बंद टाक्या बऱ्याच आहेत. कुणाच्या कुंडीत पालापाचोळा साठलाय, कुणाच्या घुमटावर शेणी वाळत घातल्यात. ते बघून मला खरंच वाईट वाटतं. बांधकाम बहुतेकांचं धडधाकट आहे. बिघडलंय ते टाकीचं पोट.

आमची टाकी दीनबंधू पद्धतीची, २ घनमीटरची. विटांचा घुमट जमिनीखाली, त्यामुळं लोखंडी ड्रम गंजायची भानगड नाही. ही रचना १९८४ साली आली. दावणीला तीन म्हशी. रोज ४०-४५ किलो शेण निघतं, त्यात तेवढंच पाणी घालून मी हातानं काला करते. हातानंच का, तर उसाच्या वाड्याचे तुकडे, पिंजर, काड्या बोटांना लागतात आणि वेचून टाकता येतात. ते आत गेले की वर तरंगतात, त्यांची जाड साय धरते आणि खालचा गॅस वर यायचा थांबतो. बंद पडलेल्या किती टाक्यांत ही साय असते म्हणून सांगू!

पण मी स्वतः धडा घेतला तो गावच्या जत्रेत. पै-पाहुण्यांचा राबता, पंगतीतलं उरलेलं अन्न ढीगभर. टाकून द्यायला जीव होईना. चार दिवस भात, भाकरी, रस्सा असं बादल्या भरभरून टाकीत ओतलं. पहिले दोन दिवस शेगडी अशी पेटली की काय सांगू. पाचव्या दिवशी कॉक सोडला तर नुसता फुस्स आवाज, आणि धरलेली काडी विझली. स्लरीला, म्हणजे टाकीतून बाहेर येणाऱ्या कुजलेल्या शेणाच्या पातळ काल्याला, ताक नासल्यासारखा आंबूस वास येत होता.

त्याचं कारण नंतर समजलं. टाकीत दोन तऱ्हेचे जंतू असतात. पहिले अन्न फोडून त्याचं आम्ल करतात, आणि ते काम झपाट्यानं चालतं. दुसरे ते आम्ल खाऊन मिथेन करतात, पण ते फार हळू वाढतात. एकदम जास्त घातलं की आम्ल साठतं आणि हे दुसरे मरगळतात. मग गॅस निघतो तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो पेटणार कसा? आठवडाभर काहीच घातलं नाही. शेजारच्या चालू टाकीतली दोन बॅरल स्लरी आणून ओतली, थोडी चुन्याची निवळी घातली आणि मग रोज एक बादली शेणाचा काला सुरू केला. निळी ज्योत परत यायला वीस दिवस गेले.

उरलेलं अन्न घालूच नये असं मात्र नाही. पुण्याच्या आनंद कर्वे यांच्या संस्थेनं खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र केलं आणि त्याला २००६ साली ॲशडेन हा स्वच्छ ऊर्जेसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कोल्हापूर शहरात राजारामपुरीत राहणाऱ्या, गोठा नसलेल्या माणसालाही ते जमेल. फक्त रोज थोडं आणि ठरलेलं घालायचं.

गोठा फिनेलनं धुवत असाल तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका, जंतू मरतात. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा काल्याचं पाणी दुपारभर उन्हात ठेवा. ज्योत फडफडायला लागली तर पाइपात पाणी साठलंय, ते काढून टाका.

एवढं करून मिळतं काय? १ घनमीटर गॅस म्हणजे सुमारे ०.४३ किलो एलपीजी. आमच्या तीन म्हशींवर महिन्याकाठी दीड सिलिंडरचं काम भागतं. आणि स्लरी उसाला जाते. मामंजी तर म्हणतात, गॅस नाही मिळाला तरी स्लरीसाठी टाकी चालवीन.

तुमची बंद टाकी परत चालू करायची असेल तर एक ऐका. कुंडीवरची फरशी काढल्यावर साय फोडायला बाहेरूनच लांब बांबू घाला. पोराला किंवा गड्याला आत उतरवू नका, टाकी कितीही वर्षं बंद असली तरी. आतल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणारा दुसराही.