उधाणाच्या तोंडावरचं घरटं

कोकणात नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम. या दिवसांत आम्ही कासवमित्र उजाडायच्या आत किनाऱ्यावर फेरी मारतो. रात्री मादी येऊन गेली असली की वाळूत तिचा माग दिसतो, एक वर चढलेला आणि एक परत पाण्यात उतरलेला. त्या सकाळी काहीच दिसत नव्हतं. सलग दोन रात्री सुटलेल्या वाऱ्याने पुळण पुसून काढली होती.

रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढून आणायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढणाऱ्यांपैकी एका काकांनी हाक मारली. "अरे, परवा रात्री कासव चढलं होतं इथे. घरटं मिळालं का तुम्हाला?"

त्यांनी दाखवलेल्या जागी हातानेच वाळू उकरली. फूटभर खाली पहिलं अंडं लागलं. जागा मात्र भरतीच्या रेषेला लागून होती आणि अमावस्या दोन दिवसांवर आलेली. उधाणात तिथे पाणी चढणारच.

ताजी अंडी हलवायला अवघड नसतात. पण घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर गर्भ सुटून मरतो. मी एक अंडं होतं तसंच, न फिरवता, जरा वर उचलून पाहिलं. कवच मऊ, पिवळसर, आणि वरच्या अंगाला खडूसारखा पांढरा डाग. म्हणजे गर्भ चिकटला होता.

सोबतचा मुलगा म्हणाला, "दादा, राहू द्या ना तिथेच." एरवी मीही हेच म्हटलं असतं. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. त्यामुळे घरटं सुरक्षित असेल तर मादीने निवडलेली जागा बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. पण अंड्यांना कवचातून श्वास घ्यावा लागतो. खाऱ्या पाण्यात बुडून राहिली तर ती गुदमरतात. हलवायचं ठरलं.

प्रत्येक अंड्यावर, वर होती त्या बाजूला पेन्सिलीने खूण केली. बादलीत त्याच घरट्यातली ओली वाळू घातली, वर छत्री धरली. मोटरसायकल टाळली, हादरे बसतात म्हणून. चालतच हॅचरीत, म्हणजे हलवलेली अंडी पुरून राखायच्या जागेत, नेली. तिथे दीड फुटाचा, तळाशी रुंद असा खड्डा खणून एकेक अंडं खूण वर ठेवून आत लावलं. शंभरावर अंडी. शेवटी शेवटी बोटं थरथरायला लागली होती, पण घाई करून चालणार नव्हतं. २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली होती. इतक्या लांबून येणाऱ्या जीवाच्या एका घरट्यासाठी दुपार गेली तर जाऊ दे.

अमावस्येला पाणी जुन्या खड्ड्यावरून सुरूच्या मुळांपर्यंत गेलं.

पुढे या घरट्यातून निम्म्याहून कमी पिल्लं बाहेर आली. उरलेली अंडी उघडून पाहिली. काहींत डोळ्यांचे काळे ठिपके तयार झालेले, बऱ्याच अंड्यांत वाढ सुरुवातीलाच थांबलेली. फार वाईट वाटलं. तरी जी पिल्लं समुद्रात गेली, त्यांतलं एकही अंडी जुन्या जागी ठेवली असती तर गेलं नसतं.

आता रापणीवरची मंडळी रात्री कासव चढताना दिसलं की ते परत गेल्यावर तिथे काठी रोवतात आणि लगेच फोन करतात. त्याच हंगामातलं पुढचं घरटं अशा फोनमुळेच तासाभरात हलवता आलं.