पडद्यासमोरच्या टाळ्या

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण हे विचारणारे तुम्ही एकटे नाही, जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारतंच. मी नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना ऑर्गनवर साथ करते, त्यामुळे ऑर्गनवर कव्हर घालेपर्यंत दोघंतिघं जवळ येतात, चार पदांवर बोलणं होतं आणि विषय फिरून 'कट्यार काळजात घुसली'वर, म्हणजे त्याच नावाच्या संगीत नाटकावरून केलेल्या सिनेमावर येतो. "काहो ताई, तो सिनेमा लागला होता तेव्हा लोक हॉलमध्ये चक्क टाळ्या वाजवत होते, पडद्यावरच्या माणसाला काय ऐकू जाणारे का?"

मला त्याचं जराही नवल वाटलं नव्हतं. त्या गोष्टीत गाणं हाच विषय आहे ना. एक संस्थान, दोन घराणी, राजगायक कोण ते दरबारात गाऊन ठरणार आणि जिंकणाऱ्याला मानाची कट्यार मिळणार. सिनेमात पंडितजी आणि खाँसाहेब समोरासमोर बसतात तेव्हा भोवती दरबार भरलेला असतो, ते लोक माना डोलावतात, दाद देतात, आणि कॅमेरा अशा जागी असतो की आपणही त्यांच्यातलेच एक होऊन बसतो. मग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हात वर जाणारच. माझ्या शेजारी एक काका होते, अनोळखी, मांडीवर ताल धरून बसलेले, पंडितजी झालेल्या शंकर महादेवनची तान समेवर आली तसे "क्या बात है" म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरी वळून बघून हसल्या, पण चेष्टेने नाही हं, त्यांनाही तेच म्हणायचं होतं.

आता सिनेमावर नाराज असलेल्या जुन्या मंडळींचं. नाटक १९६७चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे. ज्यांनी ते प्रयोग पाहिलेत त्यांच्या टाळीला एक काम होतं. वन्स मोअर आला की पद पुन्हा व्हायचं, म्हणजे प्रयोग किती वाजता संपणार हे अर्धं प्रेक्षक ठरवायचे. हे साथीला बसल्यावर फार जवळून कळतं. पद संपत आलं की मी भात्यावरचा पाय काढत नाही, षड्ज, म्हणजे सा, धरून ठेवते, तबलजीचा हात डग्ग्यावरच असतो आणि आमचे सगळ्यांचे डोळे गायकनटाकडे. टाळी कशी येतेय, विरतेय की वाढतेय, ते त्याला आमच्या आधी कळतं. त्याने मान जराशी हलवली की मुखडा, म्हणजे पदाची पहिली ओळ, परत. नाही हलवली की सूर सोडायचा आणि पुढचं वाक्य. हे दोनचार सेकंद मला अख्ख्या प्रयोगात सगळ्यात आवडतात, आणि हे सिनेमात होऊच शकत नाही, पद कापून बसवलेलं असतं, तुम्ही कितीही ओरडा ते पुढे जाणार. त्यामुळे ज्यांना त्या टाळीची सवय आहे त्यांना सिनेमात काहीतरी हिरावल्यासारखं वाटलं असेल तर मला ते पटतं.

पण भांडण तेवढंच नव्हतं. कव्वाली कशाला घातली, खाँसाहेबांना सचिन पिळगांवकरांचा चेहरा आणि राहुल देशपांडेंचा आवाज हे जुळतच नाही, नाटकातली पदं आखडली, असं बरंच ऐकलं. आवाजाची तक्रार मला समजते, कारण २०१०मध्ये नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा राहुलच स्वतः खाँसाहेब होते, आजोबांची भूमिका नातवाने केलेली लोकांनी समोर बघितली होती, तो चेहरा डोळ्यांतून जात नाही. कव्वालीचं मला काही वाटलं नाही, चांगली बांधलीये.

माझं स्वतःचं दुखणं वेगळं आहे आणि ते मी अजून सोडलेलं नाही. खाँसाहेब. सिनेमात आधीची मैत्री दाखवली, वर्षानुवर्षांचं हरणं दाखवलं, घरातला अपमान दाखवला, शेंदूर खायला घालून पंडितजींचा आवाज घालवण्याचा प्रकार दाखवला, म्हणजे त्या माणसाच्या रागाला एकेक कारण जोडत नेलं आणि मग त्याला बऱ्यापैकी खलनायक केलं. नाटकात कट्यार जिंकलेला माणूस पंडितजींच्या हवेलीत येतो आणि 'या भवनातील गीत पुराणे' गातो. त्या एका पदात तो जुने मवाळ सूर हाकलून देतो, त्याचा माज त्याच्या गळ्यातूनच कळतो, वर कुणी समजावून सांगत नाही. आणि तो इतका जबरदस्त गातो की राग आला तरी त्याच्यावर जीव जडतो. 'घेई छंद मकरंद'ची प्रसाद सावकारांच्या आवाजातली संथ चाल ऐका आणि लगेच वसंतरावांची सालगवराळी रागातली ऐका, शब्द तेच, पण दोन माणसं, दोन स्वभाव, दोन घराणी, सगळं नाटक त्यात आलं. सिनेमा बघून बाहेर पडलेली पोरं खाँसाहेबांना शिव्या घालत होती तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. त्या माणसावर प्रेम करायला पडद्यावर जागाच उरली नव्हती.

तरीही सिनेमा झाला हे फार बरं झालं असंच मी म्हणेन, आणि मनापासून म्हणते. १२ नोव्हेंबर २०१५, ऐन दिवाळीत लागला, लोक आईवडलांना घेऊन गेले, मुलांना घेऊन गेले. गायक महेश काळेंना त्यातल्या 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नुसत्या आधीच्या पुण्याईवर हे झालं म्हणावं तर 'मानापमान' बघा. खाडिलकरांचं १९११चं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली, बालगंधर्वांचं नाव जोडलेलं, म्हणजे पुण्याई कट्यारपेक्षा मोठीच. कट्यारचे दिग्दर्शक सुबोध भावेंनीच २०२५च्या जानेवारीत त्यावर सिनेमा आणला, संगीतकारही तेच शंकर-एहसान-लॉय, पण ती लाट काही आली नाही. माझ्या मते कारण साधं आहे, मानापमानातली माणसं गायक नाहीत. धैर्यधर सेनापती, भामिनी श्रीमंताची लेक, रंगमंचावर ती गातात कारण संगीत नाटकात गायचंच असतं, तो आपला आणि त्यांचा करार आहे. पडद्यावर तो करार नव्याने करावा लागतो. कट्यारला ती अडचण कधी आलीच नाही.

आता कार्यक्रमात 'सूर निरागस हो'ची फर्माईश येते, ते सिनेमासाठी केलेलं गाणं, नाटकातलं नाही. पहिल्या रांगेतले काही जण नाराज होतात, "हे नाट्यगीत नाही" असं मला येऊन सांगतातही. मी वाजवते. ज्यांनी ते मागितलेलं असतं ते पुढे 'सुरत पिया की' लागलं की उठून जात नाहीत, बसून राहतात, चुकीच्या जागी टाळी देतात, दुसऱ्या आवर्तनाला बरोबर जागी देतात. आणि कधीतरी मागून एखादा कोवळा आवाज वन्स मोअर म्हणून ओरडतो, मी सूर धरून ठेवते, गायक मान हलवतो आणि आम्ही मुखडा परत घेतो.