पिठाचं गाठोडं

गेल्या मंगळवारी एक बाई दवाखान्यातून घरी निघून गेली, नववा महिना लागलेला, आणि कारण काय तर पीठ संपलं. तेव्हापासून माझं कशात लक्षच लागत नाहीये, म्हणून आज पोरीला झोपवून लिहायला बसले.

मलावीत आमचं हे तिसरं वर्ष. मिस्टर ठिबकच्या कामावर असतात, मी मंगळवारी आणि शुक्रवारी इथल्या सरकारी हेल्थ सेंटरला जाते. त्याच्या आवारात एक लांबुळकी पत्र्याची खोली आहे, गावच्या लोकांनी स्वतः विटा पाडून, भाजून बांधलेली. लांबच्या खेड्यातल्या बायका दिवस भरत आले की इथे येऊन राहतात, कडेवरचं पोरगंही सोबत आणतात, कळा सुरू झाल्या की नर्स पन्नास पावलांवर. चिचेवा भाषेत गरोदर बाईला ओयेंबेकेझेरा म्हणतात, म्हणजे वाट बघणारी. पहिल्यांदा ती खोली पाहिली तेव्हा मी आईला फोनवर म्हटलं, अगं हे तर आपलं माहेरघर! आपल्याकडे आदिवासी भागात सरकारी दवाखान्याजवळ गरोदर बायकांना राहायला अशीच खोली असते, तिला माहेरघर म्हणतात. माझी आई सातपुड्यात धडगावकडे नर्सबाई होती, आख्खी नोकरी तिकडेच गेली, त्यामुळे आमच्या घरात जेवताना सुद्धा बाळंतपणाच्याच गोष्टी.

इथल्या माणसांचं मला फार कौतुक वाटतं, आधी ते सांगते. जॉइस बांडा 2012 ला इथल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, त्या स्वतः 1984 मध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात मरता मरता वाचलेल्या, त्यांनी अशी घरं बांधायची मोहीमच काढली आणि गावोगावच्या प्रमुखांना त्यात ओढलं. कित्येक गावांत प्रमुखाचा नियम आहे की बाळंतपण घरी केलं तर दंड, कोंबडी नाहीतर बकरी. ऐकायला कडक वाटतं पण नवरे सायकलवर बसवून बायकोला आणून सोडतात हे मी डोळ्यांनी पाहते. 2010 च्या पाहणीत इथे लाख जिवंत जन्मांमागे 675 आया दगावत होत्या, 2015-16 ला तो आकडा 439 वर आला, आणि शंभरातली 91 बाळंतपणं दवाखान्यात. इतक्या गरीब देशात!

आता पीठ. इथे दवाखाना फुकट आहे, झोपायला जागा फुकट, पण जेवण ज्याचं त्याने करायचं. बाईने येताना मक्याचं पीठ आणायचं, भांडं आणायचं, सरपण बघायचं, बाळंतपणासाठी खाली अंथरायचा काळा प्लास्टिकचा कागद पण आणायचा, आणि सोबत एक माणूस, त्याला गार्डियन म्हणतात, बहुतेक वेळा आई नाहीतर मावशी. ती मागच्या चुलीवर न्सिमा घोटते. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, सोबत भोपळ्याचा पाला किंवा सुकी बारीक मासळी. दोन वेळा तेच. आता हिशोब करा, बाई, तिची आई आणि दोन वर्षांचं पोर, तीन तोंडं, आणि तारखेचा अंदाज पंधरा दिवस इकडे तिकडे. दहा दिवसांचं पीठ आणलेलं, बाळ काही आलं नाही, पीठ संपलं, बाई उठली आणि चालायला लागली. त्यात आत्ता फेब्रुवारी, इथला पावसाळा, मागच्या वर्षीचा मका घराघरात संपलेला आणि नवा यायला एप्रिल उजाडणार. म्हणजे ओढ्याला पाणी असतं, रस्ता चिखल असतो, बाईने दवाखान्याजवळ असायलाच पाहिजे, नेमकं तेव्हाच गाठोड्यात पीठ नसतं. मला इतका राग आला, कुणावर तेही कळेना. विटा आहेत, पत्रा आहे, मच्छरदाण्या आहेत, दंडाचा नियम सुद्धा आहे, आणि एका पायलीभर पिठासाठी सगळं वाया.

रात्री आईला फोन केला. मी तावातावाने म्हणाले की आपल्याकडे माहेरघरात जेवण तरी मिळतं. ती गप्प राहिली जरा वेळ. मग म्हणे, "मिळायचं जेवण. तरी दोन दिवसांत जायच्या. घरी बकऱ्या कोण बघंल, मोठ्या पोरीला कोण बघंल. मी पाड्यावर जाऊन आणायचे, सकाळी परत खाट रिकामी." आणि मग तीच म्हणाली की झोळीत घालून, बांबूला बांधून आणलेल्या बाईला बघून तुझं काय झालं असतं.

ते मला लागलं खरं. लाख जन्मांमागे दगावणाऱ्या आयांचा महाराष्ट्राचा आकडा 2018-20 ला 33 होता, मी इथल्या नर्सला तो अभिमानाने सांगितला होता, आणि सांगताना आमच्याच डोंगरातले तोरणमाळ, मोलगी, नर्मदाकाठचे पाडे काही माझ्या तोंडात आले नाहीत. परक्यासमोर आपलं झाकतोच माणूस. पण आमचा सातपुडा म्हणजे नुसती झोळी नाही हेही मी सांगणारच, पुरात पाण्यातून चालत पाड्यावर जाणाऱ्या नर्सबाया मी घरातच पाहिल्यात, माझीच आई त्यातली.

नात्यातले एक जण मागे म्हणाले, एवढी सेवा करायची तर धडगावला कर की. मला मलावीत नवऱ्याच्या नोकरीने आणलं, मी जिथे राहते तिथे करणार ना? शहाद्याला असते तर पपईच्या बागेत आणि सासरच्या माणसांत दिवस कुठे गेला कळलं नसतं, हे मी मनापासून सांगते. माझं बाळंतपण माहेरी झालं, सव्वा महिना आईने शेक दिला, डिंकाचे लाडू, बाजरीची राब, मला पाण्याचा ग्लास उचलू दिला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून जीव तिकडेच ओढ घेतो. म्हणून असेल, पण नवव्या महिन्यात डोक्यावर पीठ घेऊन चाललेली बाई मला बघवत नाही.

शुक्रवारी मी चिगायोवर, म्हणजे गिरणीवर, वीस किलो मका दळून घेतला आणि रिक्षासारखी भाड्याची सायकल असते ना, कबाझा, तिच्यावर टाकून खोलीवर नेला. मला वाटलं वाटून टाकतील. तिथल्या म्हाताऱ्या गार्डियन बायांनी ते माझ्याकडून घेतलं, कोपऱ्यात एक झाकणाची बादली ठेवली आणि ठरवलं की येणाऱ्या प्रत्येकीने आपल्या गाठोड्यातलं एक ताट पीठ आधी त्यात टाकायचं, माझं पण त्यातच, आणि जिचं संपेल तिने न विचारता घ्यायचं. मला एकीने सरळ सांगितलं, तू रोज आणू नकोस, तू गेल्यावर आम्ही काय करायचं?

मंगळवारची ती बाई रविवारी परत आली, पोर पाठीला चितेंजेत, म्हणजे इथल्या बायका गुंडाळतात त्या कापडात, बांधलेलं, पाय सुजलेले. अजून बाळंत झालेली नाही. आज सकाळी बादली अर्धी होती.