अडीच फुटांचं जोतं, दीड हजारांचा वाटा

२०१९ च्या पुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. शिरोळ तालुक्यात ते साल कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. घर पुन्हा उभं करताना मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गवंड्याला बजावलं, "जोतं अडीच फूट घे. पैशाचं मी बघतो." २०२१ ला पाणी चौथ्या पायरीवर येऊन थांबलं. मामा पुढं महिनाभर येईल त्याला ती पायरी दाखवायचे.

मग साखरेनं डावा पाय घेतला, गुडघ्याखालून. दवाखान्यातून आणलं तेव्हा त्याच पाच पायऱ्यांवरून त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. त्यानंतर सहा महिने मामा अंगणातसुद्धा उतरले नाहीत. उचलायला दोन गडी लागतात, आणि दिवसा घरात मी आणि सासूबाई.

माझं गावात सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, पॅन, पीक विमा, दिवसभर लोकांचेच फॉर्म भरते. त्यामुळे मामांचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढायला मला अडचण आली नाही. ६० टक्के लिहून आलं. ४० किंवा त्याच्या वर असलं की योजनांना चालतं. व्हीलचेअर शिबिरात मिळाली. रॅम्पचं काय, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी तीन होते. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं. ऐकायला पाच टक्के बरे वाटतात. आमच्या पंचायतीचं असं उत्पन्न पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे निधी एकोणचाळीस हजार. गावात कार्डवाले सव्वीस. भागून बघा, दीड हजार. मार्चअखेरीला प्रत्येकाच्या खात्यावर दीड हजार पडले की निधी शंभर टक्के खर्च. कागदावर बोट ठेवायला जागा नाही.

रॅम्पचं कोटेशन सेहेचाळीस हजारांचं होतं. त्यातही गवंडी आधी म्हणाला, "वहिनी, बारा फुटांत काढून देतो की." सरकारी इमारतींच्या रॅम्पला एकास बाराचा उतार सांगितलाय, म्हणजे अडीच फूट चढायला तीस फूट लांबी. बारा फुटांत काढलेल्या रॅम्पवरून मोटारसायकल चढेल, माणूस बसलेली खुर्ची नाही. त्याला पटेना. मग शेजारच्या ट्रॅक्टर शेडच्या उतारावर त्यालाच व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि म्हटलं, आता स्वतःच्या हातानं चाकं फिरवून वर ये. दोन वेळा मागं घसरला. तिसऱ्या वेळी न बोलता टेप काढला. घराची पुढची भिंत वीस फुटांची. भिंतीला लागून पंधरा फूट, पाच फुटांचा सपाट टप्पा, तिथं वळण आणि परत पंधरा फूट, असं बसलं.

पंचायतीत अर्ज घेऊन गेले तर भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणाले, "सगळ्यांना सारखं देतो, कुणाचं भांडण नाही. तुम्ही कशाला नवीन काढताय?" मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडला. दीड हजारात सव्वीसातल्या एकाच्याही घरात काही बदलत नाही. त्यापेक्षा दरवर्षी एकदोन घरांचं काम पुरं करा, पाळीपाळीनं. मागून एक बाई उठली. "तुझ्या सासऱ्याचा रॅम्प हुईल, पन माझ्या पोराच्या गोळ्या त्या दीड हजारातनं येत्यात." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. ठराव झाला तो अर्ध्याचा. अर्धा निधी सगळ्यांना सारखा, अर्धा घरातल्या कामाला. आम्हाला साडेएकोणीस हजार मिळाले आणि सगळ्या सव्वीस जणांच्या खात्यावर साडेसातशे पडले. त्यातली दोन घरं माझ्याशी बोलत नव्हती. एक अजून बोलत नाही.

पुढं गंमत झाली. कामाआधी, काम चालू असताना आणि झाल्यावर असे तीन फोटो लागतात, तेही जागेची नोंद उमटणारे. लोकांना हे मीच सांगत असते. आणि मीच फोटोआधी वाळू टाकून घेतली. भाऊसाहेब म्हणाले, "यात काम सुरू झालेलं दिसतंय." दोन ब्रास वाळू पाट्यांनी परड्यात नेली, फोटो काढला, परत पुढं आणली. नवरा अजून टोमणे मारतो.

मुरूम शेतातला, मजुरी निम्मी घरची, उरलेल्याला बचत गटाचं कर्ज. ओल्या काँक्रीटवर गवंड्यानं खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या, चाक घसरू नये म्हणून. पाणी मारायला मामा दारात बसून नळी धरायचे आणि खाली पोरगं पाणी कुठं कुठं पोचलं ते ओरडून सांगायचं. दहाव्या दिवशी मामा एकटेच खाली उतरले. आधी चौथ्या पायरीपाशी थांबून बघितलं आणि मग रस्त्यावर गेले.

न्हाणीचा दरवाजा मात्र चोवीस इंचांचा आहे आणि खुर्ची पंचवीसची. ते आता आमच्या खर्चानं करायचं, आमची पाळी झाली.

यंदाचा पहिला अर्ज खालच्या आळीतल्या एका मुलीचा आहे. तिला कमोड आणि धरायला दांड्या हव्यात. फॉर्म काल भरायला घेतला तर नमुना आठचा उतारा, म्हणजे पंचायतीतली घराची नोंद, अजून तिच्या आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आधी वारसनोंद. सोमवारी मृत्यूचा दाखला घेऊन ये म्हटलंय.